दंडाच्या पावत्या

भातकापणीच्या धांदलीत आमच्या तालुक्यात दिवाळी अंक वाचायला सवड कुणाला? तरी अंक निघतोच. यंदाचा विषय जुनाच आहे: संघर्ष की रचना? संस्थावाले मोर्चाला नाकं मुरडतात, मोर्चावाले संस्थावाल्यांना सरकारचे जावई म्हणतात. गांधीजींनी रचनात्मक कार्यक्रमाची पुस्तिका १९४१ साली लिहिली. तरी हे भांडण अजून चालूच आहे.

मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च आमच्या कसारा घाटातून खाली उतरला. भेगाळलेल्या पायांचे फोटो छापून आले. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून माणसं सोमय्या मैदानावरून रातोरात आझाद मैदान गाठून मोकळी झाली. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण यांच्यातल्या अनेकांच्या घरी, पत्र्याच्या पेटीत काय आहे, हे फारसं कुणी विचारलं नाही.

मोर्चाची एक मागणी कसत्या वनजमिनीच्या हक्काची होती, आणि वनहक्काच्या दाव्याला पुरावा लागतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतोय, हे दाखवायचं. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्यानं दाखवायचं काय? वनखात्यानं अतिक्रमणाबद्दल फाडलेल्या दंडाच्या पावत्या! ज्या कागदानं बापाला चोर ठरवलं, तोच २००६ च्या कायद्यानंतर मुलाच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला. गळक्या घरात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून, म्हातारीनं ती पावती जपली. तिच्या या कामाला कुठल्या रकान्यात टाकणार?

पुढचं काम कंटाळवाणं. वनहक्क समिती, मोजणी, म्हाताऱ्यांचे जबाब, ग्रामसभेचा ठराव. सगळं चोख केलं तरी दावा वरच्या समितीत धूळ खातो, आणि पुन्हा चपला घालाव्या लागतात. हे दावे निकाली काढायला सरकारनं २०१८ ला सहा महिन्यांचा वायदा केला होता. मार्च २०२३ मध्ये वनजमिनीची तीच मागणी घेऊन मोर्चा वाशिंदपर्यंत गेला.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचंही तेच. अभ्यासगट आणि सर्वसहमतीच्या ग्रामसभेत मुरलेलं गाव. सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला, पण बांबू वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. गाव अडून बसलं म्हणून ते आले. आणि अडून बसायची ताकद त्या वर्षानुवर्षांच्या बैठकांतून आली, असं माझं मत आहे.

म्हणून या अंकात दावे भरणाऱ्यांना, ठराव लिहिणाऱ्यांना जास्त पानं दिली आहेत, मोर्चाच्या फोटोंना दोनच. छायाचित्रकार मित्र रुसले आहेत; फराळाला बोलावून समजूत काढू.

— संपादक, इगतपुरी