अनुभव जमा धरणारा खेळ

व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारताच आपल्या प्राध्यापकवर्गाच्या कपाळाला आठी पडते, आणि ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. वसतिगृहाच्या खोल्यांतून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जो गोळीबार चाललेला असतो तो मलाही ऐकू येतो. परंतु सगळेच खेळ एका दावणीला बांधणे हा अन्याय होय. मी ज्या खेळाविषयी लिहीत आहे त्यात बंदूक नाही, घाई नाही, आणि वाचता आल्याशिवाय एक पाऊलही पुढे पडत नाही.

त्याचे नाव 'ड्रॅगन क्वेस्ट'. २७ मे १९८६ रोजी तो जपानात निघाला, निन्तेन्दो कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या यंत्रासाठी. हे यंत्र घरच्या टीव्हीला जोडायचे. खेळाचा कर्ता युजी होरी हा वासेदा विद्यापीठात साहित्य शिकलेला, म्हणजे आपल्याच शाखेचा! (बी. ए. करून पुढे काय, असे विचारणाऱ्या नातेवाइकांसाठी हे मुद्दाम नमूद करतो.) चित्रे अकिरा तोरियामाची, संगीत कोइची सुगियामाचे. हा सगळा पसारा ६४ किलोबाइटांत मावलेला. आज सकाळी फोनवर येणारे सुप्रभाताचे चित्रसुद्धा बहुधा त्याहून जड भरेल.

आपल्याकडच्या खेड्यांत त्या यंत्राच्या स्वस्त नकला 'टीव्ही गेम' म्हणून पोचल्या. कॅसेटवर '९९९९ खेळ' असे छापलेले आणि आत तेच ते पाच-दहा. मारिओ आला, कॉन्ट्रा आला; वाचायला लावणारा खेळ मात्र आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता. मी तो पुष्कळ उशिरा, फोनवर विकत घेऊन खेळलो. त्याचे इंग्रजी मुद्दाम जुन्या वळणाचे केलेले आहे. राजा तुम्हाला 'यू' न म्हणता 'दाऊ' म्हणतो. पहिला आठवडा शब्दकोश मांडीवर होता. पुढे वर्गात शेक्सपिअर आला तेव्हा 'दाऊ', 'दाय' पाहून निम्मा वर्ग बावरला, मला ते ओळखीचे वाटले.

गोष्ट साधीच. राजा बोलावतो, १२० मोहरा देतो आणि ड्रॅगनांच्या अधिपतीला जिंकून या म्हणतो. वाड्याबाहेर पडताच पाण्यापलीकडे त्या शत्रूचा किल्ला समोर दिसतो. तिथे पोचायला मात्र सगळे जग पालथे घालावे लागते. करंजी घाट ओलांडून एस.टी.ने येताना चांदबिबी महाल, म्हणजे खरे तर सलाबतखानाची कबर, डोंगरावर असाच दिसत राहतो आणि नगर काही केल्या येत नाही, तसेच हे. आरंभी तुमची ताकद इतकी अल्प, की स्लाइम नावाचा चिकट थेंबासारखा प्राणीसुद्धा जीव मेटाकुटीला आणतो. त्याला मारले की अनुभवाचा एक गुण. मूळ खेळात असे सात गुण झाले की तुम्ही दुसऱ्या पायरीवर. शेवटची पायरी तिसावी. तिच्यासाठी ६५,५३५ गुण लागतात! म्हणून तासन्‌तास त्याच माळावर तेच प्राणी मारीत हिंडावे लागते. पुष्कळांना हे कंटाळवाणे वाटते. मला वाटत नाही, आणि याचे कारण त्या खेळाच्या एका नियमात आहे.

तुम्ही मेलात तर पुन्हा राजापुढे उभे राहता. तुमच्या मोहरा निम्म्या होतात. परंतु अनुभव एका गुणानेही कमी होत नाही.

आता जरा आमच्या घराकडे या. दसरा झाला की माझे आईवडील साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. दोघांचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, टनावर ऊस तोडायचा आणि त्यातून उचल फेडायची. पट्टा पडला की हिशेब होतो; कधी चार पैसे हाती लागतात, कधी बाकीच पुढच्या सालावर जाते. वडिलांना बावीस हंगामांचा अनुभव आहे. बुडख्यावर कोयता कसा बसवावा, मोळी किती वजनाची बांधावी, ओल्या रानातून ती कशी काढावी, हे त्यांच्याकडून शिकावे. परंतु त्यांच्या टनाला जो दर, तोच काल कोयता हाती धरलेल्या पोराच्या टनाला. वय वाढते तसे दिवसाचे टन मात्र घटतात. म्हणजे अनुभव वाढत जातो आणि मिळकत उतरत जाते. हा हिशेब ज्याने घरात पाहिला आहे त्याला एका थेंबाचा एक गुण जमा झालेला पाहून जे समाधान वाटते, ते इतरांना कसे पटवून द्यावे?

एका सरांनी याला पलायनवाद म्हटले. असेलही. परंतु आमच्या भागात श्रावणात 'नवनाथ भक्तिसार' लावतात, त्याला कुणी पलायन म्हणत नाही. मालूकवीच्या त्या चाळीस अध्यायांत दुसरे काय आहे? मच्छिंद्रनाथ एकेका दैवताला प्रसन्न करून शाबरी विद्या साधतो, मग अस्त्रावर अस्त्र सोडतो. कानिफनाथांची मढी आमच्याच पाथर्डी तालुक्यात. मंत्र, राक्षस, गुहा हे सारे आमच्या म्हाताऱ्यांना जपान्यांनी शिकवायला नको. नेवाशाच्या ज्ञानदेवांच्या नावावर परंपरा ज्या मोक्षपटाचा खेळ सांगते त्यातही पायऱ्या आहेतच. फक्त तिथे सर्पाच्या मुखात पडलात की चढलेले सारे व्यर्थ जाते, आमच्या शेतीसारखेच.

माझी खरी तक्रार आजच्या फोनवरील खेळांविषयी आहे. त्यांपैकी अनेकांत पैसे मोजले की तलवार मिळते, पायरीही चढता येते. ज्याच्या बापाचा खिसा जड तो पोरगा आठवड्यात शूर होतो! बाहेर जे चालते तेच आत चालणार असेल तर आत जावे कशाला? या जुन्या खेळात एकदा किंमत दिली की पुढे पैशाची बोली बंद. पुढे जमा होतो तो ज्याचा त्याचा अनुभव.

शेवटी तो अधिपती भेटतो तेव्हा लढण्यापूर्वी एक देणे पुढे करतो : माझ्या बाजूला ये, अर्धे जग तुझे. हो म्हणणाऱ्याचा सगळा प्रवास मातीत जातो. मी तिथे अडलो असताना आई भाकरी थापीत होती. "काय मिळतं रं त्यात एवढं?" असे तिने विचारले म्हणून मी तिला हे देणे सांगितले. ती हात न थांबवता म्हणाली, "आरं, ती उचलच हाय की. घिऊ नगं."

मी घेतली नाही. तरी पहिल्या लढाईत हरलो आणि निम्म्या मोहरा गेल्या. मग पुन्हा त्या माळावर आणखी तीन रात्री घालवल्या.