समुद्रापलीकडचे मैदान : सही कोणी करायची?

दर दिवाळीला या पानावर मी अमेरिकेतल्या फुटबॉलविषयी चार गोष्टी सांगतो, आणि दर वर्षी कोणी ना कोणी वाचक पत्र पाठवून विचारतोच, ‘‘ज्या खेळात चेंडूला पाय क्वचितच लागतो, त्याला फुटबॉल का म्हणायचे?’’ याचे उत्तर मला इतक्या वर्षांत सापडलेले नाही. इथल्या माणसाला विचारावे, तर तो खांदे उडवतो आणि पुन्हा दूरदर्शनकडे तोंड करतो. मीही आता तसेच करतो.

नव्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की दोन्हीकडे अकरा-अकरा गडी असतात. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार डाव मिळतात. सरकले तर पुन्हा चार. नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. बाकी सारे हुतुतूसारखे, फक्त धरणारे गडी शंभर-सव्वाशे किलोचे आणि धावत येऊन आदळणारे.

मी 1976 साली गिरगावातून फिलाडेल्फियाला आलो. आता नदीपलीकडे न्यू जर्सीत राहतो, पण निष्ठा फिलाडेल्फियाच्या ईगल्सशी, म्हणजे गरुडांशी. हे गाव कसे आहे म्हणाल, तर 1968 च्या डिसेंबरात इथल्या प्रेक्षकांनी मैदानात आलेल्या सांताक्लॉजवर बर्फाचे गोळे फेकले होते. 2018 साली संघ विजेतेपदाच्या जवळ पोचला, तेव्हा आनंदाच्या भरात लोक दिव्यांच्या खांबांवर चढू नयेत म्हणून पोलिसांनी खांबांना वंगण फासले. लोक चढलेच. गोविंदांच्या मुलुखातून आलेल्या माणसाला अशा गावात परके वाटण्याचे कारण नव्हते.

पहिली जखम 1981 च्या जानेवारीची. न्यू ऑर्लिन्सच्या छपराखालच्या मैदानात अंतिम सामन्यात ओकलंडने आम्हाला 27-10 असे झोपवले. नव्या संसारातला पहिला रंगीत संच मी त्या सामन्यासाठी हप्त्यावर घेतला होता. सामना हरलो आणि हप्ते चालू राहिले. म्हणून 9 फेब्रुवारी 2025 ला त्याच मैदानात, सलग तिसऱ्या विजेतेपदाच्या आशेने आलेल्या कॅन्सस सिटीला आम्ही मध्यंतरालाच 24-0 असे मागे टाकले, तेव्हा मी खुर्चीवरून उठलो आणि सौ. म्हणाली, ‘‘अहो, गुडघा!’’ शेवटी 40-22. त्या दिवशी आमच्या सॅक्वॉन बार्कलीचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. न्यूयॉर्कच्या संघाने त्याला जाऊ दिले आणि आमच्याकडे आल्यावर पहिल्याच मोसमात तो 2,005 यार्ड धावला. शेजारघरची सून आपल्या घरी येऊन पायगुण दाखवते, तसा प्रकार.

आता भांडणाचा विषय. एक यार्ड हवा असला की आमचे गडी एक युक्ती करतात. चेंडूवाला खाली वाकतो आणि मागून दोघे-तिघे त्याला सारे बळ लावून पुढे ढकलतात. हा अंक घरात सर्वजण वाचतात, म्हणून त्या डावाच्या इंग्रजी नावाचे भाषांतर मी ‘पार्श्वरेटा’ एवढेच करतो. इतर संघांना तो पेलेना. तेव्हा ग्रीन बेच्या संघाने ठराव आणला की हा डाव बंदच करा. 2025 च्या मे महिन्यात बत्तीस मालकांचे मतदान झाले. बंदीला चोवीस मते हवी होती, मिळाली बावीस. दोन मतांनी आमचा रेटा वाचला. माझे मत विचाराल, तर मी गिरगावकर आहे. चर्नी रोडला गाडीत शिरायचे ते याच पद्धतीने, आणि त्यासाठी कोणी ठराव आणल्याचे स्मरत नाही.

पण त्या चर्चेत गड्यांच्या सुरक्षिततेचे नाव वारंवार घेतले गेले, आणि तिथे मला हसू आले. याच मालकांनी 2021 साली मोसमातले सामने सोळाचे सतरा केले. तेव्हापासून अठराव्याची बोलणी ऐकतो आहे. 2024 च्या सप्टेंबरात आमचा सामना खेळवला तो थेट ब्राझीलमध्ये, साओ पावलोला. एका रेट्याने हाडे मोडतील अशी ज्यांना चिंता वाटते, त्यांना एका जादा सामन्याची वाटू नये, हे गणित माझ्या इंजिनिअरी डोक्यात बसत नाही.

असे मी गेल्या मोसमात घरी मोठ्या तावातावाने बोलत होतो. तेवढ्यात तेरा वर्षांचा नातू शाळेचा कागद घेऊन पुढ्यात आला. शाळेच्या संघात नाव घालायचे होते. खरा खेळ, शिरस्त्राण घालून, अंगावर अंग घेऊन. कागदावर पालकाची सही हवी.

चिरंजीवांनी कागद वाचला आणि माझ्याकडे सरकवला. ‘‘बाबा, याला या खेळाचं वेड तुम्ही लावलंत. आता तुम्हीच सांगा.’’

सूनबाई काही बोलली नाही. तिने चकल्यांचे ताट उचलून आत नेले. आमच्या घरात हे काही चांगले लक्षण नव्हे.

मला आठवली ती 2 जानेवारी 2023 ची रात्र. सिनसिनाटीचा सामना बफेलोशी होता, आणि नातू माझ्या शेजारी पांघरुणात बसून पाहत होता. बफेलोच्या डामार हॅमलिनने एकाला धरून पाडले, उठून उभा राहिला आणि दुसऱ्याच क्षणी मागच्या मागे कोसळला. हृदय बंद पडले होते. मैदानावरच त्याची छाती दाबून त्याला जगवले. दोन्ही संघ गुडघे टेकून बसले, धिप्पाड पुरुष रडत होते. सामना थांबवला, तो पुन्हा झालाच नाही. हॅमलिन वाचला आणि त्याच वर्षी पुन्हा मैदानावर आला, हे देवाचे आणि डॉक्टरांचे उपकार. त्या रात्री नातवाने फक्त एवढेच विचारले होते, ‘‘आजोबा, त्याची आई तिथं आहे का?’’

आणि जे एका क्षणात दिसत नाही ते वेगळेच. पिट्सबर्गचा माइक वेबस्टर माझ्या तरुणपणचा गडी. चार विजेतेपदे मिळवली, आणि 2002 साली पन्नाशीत गेला तेव्हा त्याचे मन ठिकाणावर राहिले नव्हते. त्याचा मेंदू तपासला तो बेनेट ओमालू नावाच्या नायजेरियातून आलेल्या डॉक्टरांनी. वर्षानुवर्षे डोक्याला बसलेल्या धक्क्यांनी झालेला तो रोग होता, असे त्यांनी 2005 साली प्रसिद्ध केले. फुटबॉलवाल्यांनी तेव्हा त्यांनाच खोटे ठरवण्याचा यत्न केला. 2017 साली बोस्टनच्या विद्यापीठात या संघांतून खेळून गेलेल्या 111 जणांचे मेंदू तपासले, त्यांतल्या 110 जणांत तो रोग निघाला. आता, ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांनीच बहुधा मेंदू दिले असणार, म्हणून सर्वच गड्यांना हेच होते असे कोणी म्हणू नये. पण सही करणाऱ्या आजोबाला एवढेही पुष्कळ होते.

मी म्हणालो, ‘‘नको रे बाळा.’’

‘‘का?’’

‘‘लागतं त्यात. डोक्याला लागतं.’’

‘‘मग तुम्ही बघता कसं?’’ त्याने विचारले. उद्धटपणे नव्हे, त्याला खरोखरच कळत नव्हते. ‘‘त्यांच्या डोक्याला लागलेलं चालतं तुम्हाला?’’

वाचकहो, 1976 पासून मी हा खेळ पाहतो आहे, आकडे तोंडपाठ आहेत, मालकांना दर आठवड्याला शिव्या घालतो. पण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. पगार मिळतो त्यांना, असे म्हणणार होतो. पण वेबस्टरलाही मिळत होता. त्यांच्याही घरी कोणीतरी कधीतरी असल्याच कागदावर सही केली असेल, आणि त्या घरांत इतर वाटा आमच्याइतक्या मोकळ्या नसतील. मी उत्तर दिले नाही. मालकांविषयी मघाशी जे बोललो होतो, तेही मनातल्या मनात परत घेतले, कारण सामना ते वाढवतात आणि पाहतो मी.

तोड निघाली ती अशी. याच खेळाचा एक सौम्य प्रकार आहे. कमरेला दोन फिती लावायच्या, अंगावर आदळायचे नाही, फीत ओढली की गडी बाद. हा प्रकार 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घेण्याचे ठरले ते कुठे? आपल्या मुंबईत, 2023 च्या ऑक्टोबरात, ऑलिंपिक समितीच्या बैठकीत! क्रिकेटलाही त्याच दिवशी प्रवेश मिळाला. पुढे 2025 च्या मे महिन्यात मालकांनी आपल्या गड्यांनाही त्यात उतरायची परवानगी देऊन टाकली. हे सारे मी नातवाला मोठ्या अभिमानाने ऐकवले.

तो म्हणाला, ‘‘पण तो खरा नाही, आजोबा.’’ तरी नाव घातले. त्या कागदावर सही मी नव्हे, सूनबाईने केली, आणि ते योग्यच झाले.

आता शनिवारी सकाळी मी त्याचा सामना पाहायला जातो. पोरे हरणासारखी पळतात, फिती ओढतात, पडली तर हसत उठतात. नातवाचा राग पुरता गेलेला नाही. जाता-येता गाडीत तो खिडकीतून बाहेर पाहतो.

आणि रविवारी? रविवारी दुपारी एकला मी खुर्चीत बसतोच. खोटे कशाला सांगू! पण पूर्वी एखादा गडी जोरात आपटला की मी ‘शाबास’ म्हणून ओरडत असे. आता आधी तो उठतो का, ते पाहतो. तो उठला की मग ओरडतो, आणि नातू शेजारी असला तर तेही जरा हळूच.