किल्ली कोणाकडे?

कलादालनाच्या उद्घाटनाची संध्याकाळ आपल्याकडे कशी जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, फीत, भाषणं आणि शेवटी घाईघाईने भिंतींवरून फिरवलेली नजर. मुंबई-पुण्यात हे निभावतं, कारण तिथे दुसऱ्या दिवशी येणारा प्रेक्षकही असतो आणि चित्र विकत घेणाराही. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडसारख्या गावात तसंच दालन काढलं, तर पहिल्या संध्याकाळनंतर तिथे कोणी फिरकणार नाही. गावाला चित्रं टांगायच्या भिंतींआधी काम करायची जागा हवी, आणि तिचं उद्घाटनही चालू कामानेच व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

या मताला आधार शोधायला लांब जावं लागत नाही. ३० डिसेंबर १९३८ रोजी वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. खादीच्या प्रयोगांत आयुष्य घालवलेल्या मगनलाल गांधींचं ते स्मारक. पण त्याच्या आसपास १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली चालू होतं. तेलघाणी फिरत होती, हातकागद बनत होता. मांडलेली वस्तू आणि ती घडवणारा माणूस एकाच आवारात होते. दोन वर्षं आधी, डिसेंबर १९३६ मध्ये, खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन झालं, तेव्हा शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी टिळकनगर हे अधिवेशनस्थळ सजवलं ते बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साहित्यातून. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेच्या आसपास चित्रफलक केले. विषय सुतार, शिंपी, ढोलकीवाला असे रोजचे, आणि फलक लावले येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील असे. आधुनिक भारतीय चित्रकलेतलं हे मोठं काम खेड्यातल्या प्रेक्षकासाठी झालं, ही गोष्ट आपण पुरेशी मनावर घेतलेली नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो शेतीचा, आणि तो हलका नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धा होता. कापसाच्या भावाची चिंता करणाऱ्या गावात रंगांवर पैसा कशाला? कलेची जागा उघडल्याने कर्ज फिटणार नाही, आणि तसं आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण पैसा नाही म्हणून मुलांच्या हातांना काहीच द्यायचं नाही, हा न्याय आपण शहरातल्या मुलांना लावत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी अंशकालीन कला निदेशकाची तरतूद आहे, मात्र शाळेची पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. म्हणजे गाव जितकं लहान, तितका चित्रकलेच्या शिक्षकावरचा त्याचा हक्क कमी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा सगळ्यांना खुल्या आहेत खऱ्या, पण शिकवणारा नसेल तर त्या खुलेपणाचा उपयोग काय?

दुसरा आक्षेप मला अधिक विचार करायला लावतो. गावात कला आहेच, तिला चार भिंती कशाला? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुलं लाकडी नंदी घेऊन निघतात. याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचे माणसापेक्षा उंच नंदी पाहायला लांबून लोक येतात. शरदात भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती बसतात, दंडार हे लोकनाट्य होतं. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याला हिंदू-मुसलमान दोघेही येतात, आणि तिथले गोल गोटे म्हणजे व्यापाऱ्यांच्या मालाचे झालेले दगड, अशी आख्यायिका सांगतात. भूशास्त्र त्यांना झिओलाइटच्या गाठी म्हणतं. दगडात आकार ओळखणारी नजर या गावाला कोणी येऊन शिकवायची गरज नाही, हे मला मान्यच आहे. पण नजर टिकते, हात टिकेलच असं नाही. नंदी कोरणारा सुतार मुळात बैलगाडी, वखर, तिफण यांच्या कामावर जगत होता. ट्रॅक्टर आल्यावर ते काम घटलं, आणि वर्षातून एका सणासाठी कोणी वाकस-पटाशी चालवायला शिकत नाही. सण मागणी देतो; शिकण्याची जागा देत नाही. ती जागा म्हणजे गावातला स्टुडिओ. त्यात लाकूडकामाचं बाक, मातीचा हौद, रंग कालवायला पाणी आणि रात्री चांगला उजेड असावा. छान पांढऱ्या भिंती नसल्या तरी चालतील.

जागा काय करू शकते, याचा दाखला मुंबईत आहे. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये नाममात्र भाड्यात चित्रकारांना खोल्या मिळत. हुसेन तिथे काम करत, नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे तिथेच काम करत, आणि अल्काझींचं नाटक गच्चीवर होई. ती इमारत आज नाही. तिचं उद्घाटन कोणी केलं, हे कोणाच्या ध्यानात नाही. स्वस्तात, रोज, विनाअट मिळालेली खोली मात्र चित्रकलेच्या इतिहासात नोंदली गेली आहे.

म्हणून गिरडला अशी जागा उघडायची तर तान्ह्या पोळ्याच्या आधी महिनाभर उघडावी. पहिल्या संध्याकाळी एखाद्या सुताराने अर्धवट नंदी पुढे घेऊन बसावं, मुलांनी पॉलिश पेपर घासावा, बायकांनी भुलाबाईची माती मळायला घ्यावी. पाहुण्यांना बोलायचंच असेल तर हात चालू असताना बोलावं. मंडप-फ्लेक्सचे पैसे हत्यारांना वळवावेत. आणि तारीख ठरवण्याआधी ग्रामसभेत ठराव व्हावा की विजेचं बिल कोण भरणार, शिकवणाऱ्या सुताराला दिवसाचे किती देणार, मुली संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबू शकतील, आणि किल्ली कोणाच्या घरी राहील.