मांसाविना गोळा ‘नकली’ कसा? इटलीच्या गरिबांच्या चुलीचा इतिहास

१/९
“शाकाहारी मीटबॉल ही निव्वळ नक्कल आहे, खरा इटालियन गोळा मांसाचाच,” असे हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. याच मंडळींना त्यावरचा मलईदार पांढरा सॉस मात्र अस्सल इटालियन वाटतो. इतिहासाच्या कसोटीवर हे दोन्ही निवाडे उलटतात.

२/९
आधी शब्द पाहू. इटालियन नाव ‘पोल्पेत्ता’. त्याचे मूळ ‘पोल्पा’, म्हणजे गर. मांसाचा तसाच फळाचाही. पंधराव्या शतकात माएस्त्रो मार्तिनोच्या पाकग्रंथातील पोल्पेत्ता ही वासराच्या मांसाच्या कापांची सळईवर भाजलेली गुंडाळी होती. ‘मूळ रूप’ हाच निकष असेल, तर आजचा खिम्याचा गोळाही बाद ठरतो!

३/९
१८९१ साली पेल्लेग्रीनो आर्तुझी याचा प्रसिद्ध पाकग्रंथ निघाला. त्यातला पोल्पेत्ता उरलेल्या उकडलेल्या मांसाचा आहे आणि त्यात दुधात किंवा रश्श्यात शिजवलेला पावाचा गरही पडतो. उरलेसुरले वाया न घालवणे, हा या पदार्थाचा स्थायीभाव होय.

४/९
आता मध्य इटलीतील आब्रुत्सो प्रांतात चला. तेथील ‘पाल्लोत्ते काचो ए ओवे’ म्हणजे चीज आणि अंड्यांचे गोळे. शिळा पाव, किसलेले चीज, अंडी, लसूण, पार्सली एकत्र मळायचे, गोळे तळायचे आणि टोमॅटोच्या सॉसमध्ये मुरवायचे. मांसाचा कणही नाही.

५/९
हे गोळे गरजेतून जन्मले. १८७७ साली सुरू झालेल्या याचिनी कृषी चौकशीने इटालियन शेतकऱ्याचे दारिद्र्य सविस्तर नोंदवले. उत्तरेत तर केवळ मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा जडत असे. अशा घरांत मांस सणावारीच दिसे. शिळ्या पावातून पोटभर आणि चविष्ट अन्न करणाऱ्या स्त्रियांनी कोणाचीही नक्कल केली नाही.

६/९
मग मांसाच्या गोळ्याची मक्तेदारी आली कोठून? १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले. तेथे मांस आवाक्यात आले. गोळे मोठे झाले, स्पॅगेटीवर चढले आणि स्थलांतरितांचे ते ताट जगाच्या नजरेत ‘इटली’ बनले. त्या ताटाचा इतिहासही मोलाचा आहे. पण तो साऱ्या इटलीचा इतिहास नव्हे.

७/९
आता मलई. रोममध्ये आल्फ्रेदो दी लेलिओ याने विसाव्या शतकाच्या आरंभी नावारूपाला आणलेल्या फेत्तुचीनेत लोणी आणि पार्मेजानच होते. क्रीमचा मारा अमेरिकेत सुरू झाला. दूध, लोणी, मैद्याचा ‘बाल्सामेल्ला’ आर्तुझीकडे आहे खरा. पण १५३३ साली फ्रान्सला गेलेल्या कातेरीना दे मेदिचीने तो तिकडे नेला, ही लाडकी कथा पुराव्यावाचून उभी आहे.

८/९
आक्षेप येईल: ते शेतकरी शाकाहारी नव्हते. मान्य. अंडे आहेच, शिवाय पारंपरिक पार्मेजान आणि पेकोरीनो जनावराच्या जठरातील रेनेटने बनतात. आपल्या अर्थाने हा पदार्थ शाकाहारी नाही. पण प्रश्न शाकाहाराच्या व्रताचा नसून ‘नकली’ या शिक्क्याचा आहे. ‘कोफ्ता’ हा शब्द ‘कुटणे’ या अर्थाच्या फारसी क्रियापदावरून आला. दुधीच्या कोफ्त्याला आपण खोटा म्हणतो का?

९/९
तेव्हा निःशंक मनाने करा. अंडे वर्ज्य असेल, तर उकडलेल्या बटाट्याने गोळा बांधा आणि रेनेटविरहित चीज घ्या. लोण्यात मैदा परतून दूध घाला, चीज विरघळवा आणि तळलेले गोळे शेवटी अलगद सोडा. कोणी ‘नकली’ म्हणालेच, तर एवढेच विचारा: इतिहास कोणाच्या ताटावरून लिहायचा? ज्याच्या ताटात रोज मांस होते त्याच्या, की शिळ्या पावाचे सोने करणारीच्या?