ऐकणाऱ्या यंत्राचे मोल

'किंमत' आणि 'मोल' हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. तरीही त्यांच्यातील अंतर भाषेला ठाऊक असते. किंमत विकणारा ठरवतो. मोल वापरणाऱ्याच्या अनुभवातून, सावकाश ठरते. महागडा 'स्मार्ट स्पीकर' घ्यावा की नाही, हा प्रश्न वरवर बाजारातला असला, तरी 'ऐकणे' या क्रियेशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी त्याचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

ॲपल कंपनीचा होमपॉड हे या प्रकारातील ठळक उदाहरण. तो फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेत ३४९ डॉलरना विक्रीस आला. २०१९ मध्ये ती किंमत २९९ डॉलरवर उतरली आणि २०२१ मध्ये कंपनीने तो बंद केला. दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, तेव्हा भारतातील तिची किंमत ३२,९०० रुपये होती. त्याच कंपनीचा लहान होमपॉड मिनी २०२० मध्ये ९,९०० रुपयांना आला होता. तोंडी आज्ञा ऐकणे, गाणे लावणे, गजर लावणे, घरातील दिवे चालू-बंद करणे ही कामे दोघेही करतात. मग तिपटीहून अधिक पैसे कशाचे? उत्तर एकच : ध्वनीचे.

हा ध्वनी खोटा नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. भिंतींवरून परतणारा आवाज मायक्रोफोनद्वारे जोखून हे यंत्र खोलीनुसार आपला नाद जुळवून घेते. तंबोऱ्याची आस, तबल्याच्या बायाचा घुमारा, गायकाचा श्वास यांतील बारकावे स्वस्त उपकरणात हरवतात. ज्याला ते ऐकू येतात त्याने त्यासाठी पैसे मोजले, तर त्याला उधळ्या म्हणण्याचे कारण नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. या एका डबीत दोन भिन्न आयुष्यांच्या वस्तू एकत्र बांधून विकल्या जातात. चांगला स्पीकर नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षे वाजतो. 'स्मार्ट'पणा मात्र कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर आणि मर्जीवर जगतो. ध्वनी आपण विकत घेतो. बुद्धी भाड्याने घेतो, आणि भाडेकराराची मुदत आपल्याला कोणी सांगत नाही.

हे केवळ तर्क नव्हेत. सोनोस ही उंची स्पीकर बनवणारी अमेरिकन कंपनी. आपल्या काही जुन्या उपकरणांना मे महिन्यापासून नवे सॉफ्टवेअर मिळणार नाही, असे तिने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले. ग्राहक संतापले आणि मुख्याधिकारी पॅट्रिक स्पेन्स यांना क्षमा मागावी लागली. मे २०२४ मध्ये त्याच कंपनीने नवे ॲप आणले, तेव्हा रोजच्या वापरातील कित्येक सोयी नाहीशा झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये स्पेन्स पायउतार झाले. या दोन्ही प्रसंगी कोणाच्या स्पीकरचा पडदा फाटला नव्हता. वस्तू धडधाकट होती, करार बदलला होता.

होमपॉडची बंधने आणखी कडक आहेत. तो चालू करण्यासाठी त्याच कंपनीचा फोन किंवा आयपॅड लागतो. त्याला साधी तार जोडण्याची सोय नाही, त्यामुळे घरातील जुना कॅसेट प्लेअर त्याच्याशी थेट बोलू शकत नाही. छापील किंमत ही पूर्ण किंमत नव्हेच.

आता भाषेचा मुद्दा. २०२३ मध्ये हा होमपॉड भारतात आला, तेव्हा त्याला समजणाऱ्या भाषांत मराठी नव्हती. ॲमेझॉनच्या ॲलेक्साने २०१९ मध्ये हिंदी स्वीकारली. म्हणजे मराठी घरात हे यंत्र ठेवले की यजमानानेच पाहुण्याची भाषा बोलायची. शिवाय आपली भावगीताची परंपरा गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे एका दमात घेते; आकाशवाणीने ती सवय कानांना लावली. आज्ञा झेलणारे यंत्र बहुधा गायकाला ओळखते, कवी त्याच्या हिशेबात क्वचितच असतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले, तेव्हा साध्या रेडिओसंचावर श्रोत्यांना माडगूळकर आणि फडके ही दोन्ही नावे मिळाली. श्रवणाची समृद्धी यंत्राच्या किमतीच्या प्रमाणात वाढत नाही, याला याहून मोठा दाखला कशाला हवा?

यावर असे म्हटले जाईल की ज्यांची दृष्टी अधू आहे वा हातपाय साथ देत नाहीत, त्यांना तोंडी आज्ञेचे यंत्र हा मोठा आधार आहे. हे निर्विवाद खरे आहे. परंतु तो आधार तृतीयांश किमतीचे यंत्रही देते. आणि उत्तम ध्वनी हवा असेल, तर तार जोडता येणारे साधे स्पीकर तो देतात, तेही कोणत्याही भाडेकराराविना. दोन्ही गरजा वेगवेगळ्या भागवता येत असतील, तर त्या एकत्र बांधण्यासाठी मोजलेला जादा पैसा ग्राहकाच्या नव्हे, कंपनीच्या सोयीचा ठरतो.

तात्पर्य, उंची स्मार्ट स्पीकर किमतीला उतरतो, मोलाला उतरत नाही. मराठीच्या एखाद्या विभागाला श्रवणकक्षासाठी तीस-बत्तीस हजार रुपये मिळाले, तर त्यांनी दोन साधे, सशक्त स्पीकर घ्यावेत आणि उरलेल्या पैशांतून जुन्या ध्वनिफितींचे जतन करावे. यंत्राने आपले ऐकण्यापेक्षा आपण काय ऐकतो, हे अधिक महत्त्वाचे आहे.