न्यायाधीशावर फिर्याद का चालत नाही?

गेल्या रविवारी मिस्सेनंतर एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे आले. बांधाचा दावा ते दिवाणी न्यायालयात हरले होते. "फादर, साहेबांनी मोजणीचा नकाशा नीट पाहिलाच नाही. आता त्यांच्यावरच फिर्याद लावतो," असे ते म्हणाले. तशी फिर्याद चालत नाही हे ऐकताच त्यांच्या मुद्रेवर विषाद उमटला. गरिबास हा नियम जाचक वाटावा, यात नवल नाही.

न्यायदान करताना सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल न्यायाधीशावर दिवाणी दावा लावता येऊ नये, हा कायदा आपल्या देशात १८५० सालापासून आहे. लाचखाऊस त्यात आसरा नाही. परंतु हरणारा प्रत्येक पक्षकार न्यायाधीशासच कोर्टात खेचू लागला, तर बलवंताविरुद्ध निकाल देण्यास कोण धजेल? कैसराची मर्जी जाईल या धास्तीनेच पिलाताने हात धुतले होते.

वाचकहो, या संदर्भात बडोद्याची एक हकीकत स्मरणीय आहे. रेसिडेंट कर्नल फेर यांच्यावर विषप्रयोग करविल्याच्या आरोपावरून १८७५ साली मल्हारराव गायकवाडांची तेथे चौकशी झाली. इंग्रज सरकारने नेमलेल्या मंडळात तीन इंग्रज होते, आणि तीन एतद्देशीय: ग्वाल्हेरचे महाराज शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. दोन्ही महाराजांच्या गाद्या सरकारच्याच कृपेवर अवलंबून होत्या. तरीही इंग्रज सभासदांनी महाराजांस दोषी ठरविले, तेव्हा या तिघांनी तसे म्हणण्यास नकार दिला. आरोप शाबीत झाला, असे सरकारलाही म्हणता येईना. अखेर विषाची गोष्ट बाजूस ठेवून गैरकारभाराच्या कारणास्तव मल्हाररावांस पदच्युत करण्यात आले. सत्तेने आपले साधून घेतले खरे. पण अपराध्याचा शिक्का त्या मंडळाच्या हातून तिला मिळाला नाही. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न विषाचा होता.

बडोद्याहून अहमदाबादेकडे जाताना आणंदच्या पुढे नडियाद लागते. तेथील मुख्य न्यायदंडाधिकारी पटेल यांनी, समन्स बजावण्यात पोलीस हयगय करतात, अशी तक्रार वरिष्ठांकडे केली होती. २५ सप्टेंबर १९८९ रोजी पोलीस निरीक्षकाने त्यांना ठाण्यावर बोलावून घेतले. तेथे त्यांना मारहाण झाली, बळजबरीने दारू पाजण्यात आली, हातांत बेड्या घालून दोरखंडाने बांधण्यात आले आणि त्याच स्थितीत त्यांची छायाचित्रे काढण्यात आली. दारूबंदीच्या गुजरातेत न्यायाधीशाची अब्रू घालविण्यास याहून सोपी युक्ती कोणती? उद्या त्याच्यापुढे आरोपी म्हणून उभ्या राहणाऱ्या मजुराने मग कोणाकडे पाहावे?

देशभरचे न्यायाधीश खवळून उठले. ११ सप्टेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निरीक्षकास न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची कैद सुनावली. न्यायाधीशास अटक करावयाची झाल्यास जिल्हा न्यायाधीशास किंवा उच्च न्यायालयास कळवूनच करावी, असे त्याच निकालाने ठरले. गुन्हा करणाऱ्या न्यायाधीशास अटकच होऊ नये, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नाही.

आमच्या शेतकरीबाबांस आम्ही एवढेच सांगितले की, निकाल चुकला असेल तर वाट अपिलाची. मुदत तीस दिवसांची आहे. त्यांचे अकरा उरले आहेत, आणि निकालाची नक्कल अद्याप मिळालेली नाही. ती आणावयास सोमवारी आम्हीच त्यांच्याबरोबर जात आहो.