मागच्या बायका



या अंकासाठी गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेवर एक लेख आला होता. लेख मेहनतीनं लिहिलेला, माहितीही बरीच. पण सुरुवात अशी : ‘डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सुविद्य पत्नी.’ मी सवयीनं ‘सुविद्य पत्नी’ खोडलं आणि वर ‘डॉ. राणी बंग’ असं लिहिलं. त्या स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. ज्या शोधनिबंधामुळे खेड्यातल्या बाईचं दुखणं जगाच्या वैद्यकात नोंदलं गेलं, त्यावर पहिलं नाव त्यांचंच आहे. खोडताना मला बरं वाटलं. आपण आपलं काम केलं, असं वाटलं.

लेखासोबत एक फोटो होता. खाली ओळ : ‘संस्थापक दांपत्य, सोबत कार्यकर्त्या.’ आमच्याकडे अंकांच्या घड्या घालायला आणि पत्ते चिकटवायला एक बाई येतात. त्यांनी तो फोटो उचलला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “ताई, ह्या बाकीच्या सात जणींना नावं नाहीत का?”

मी म्हटलं, लेखकानं पाठवली नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत. घड्या घालत राहिल्या. पण प्रश्न माझ्याजवळच राहिला, म्हणून यावेळचं संपादकीय त्यावर.

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. बंग पतिपत्नी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ पासून तिथे काम करू लागले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी जो अभ्यास केला, तो १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आला. ६५० बायका तपासल्या. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता. सरासरी काढली तर दर बाईमागे ३.६ आजार. आणि याआधी अशी तपासणी व उपचार झालेल्या बायका किती? फक्त ८ टक्के.

हे आकडे आपल्या चळवळीत अनेकींना पाठ आहेत. व्याख्यानांत मीही ते वापरले आहेत. त्याच निबंधातल्या आणखी एका आकड्याकडे मात्र माझं फार उशिरा लक्ष गेलं. ५५ टक्के बायकांनी तक्रार सांगितली, ४५ टक्क्यांनी काहीच तक्रार नाही असं सांगितलं. आता वजाबाकी करून पाहा. आजार ९२ जणींना, तक्रार ५५ जणींची. म्हणजे शंभरातल्या निदान सदतीस जणी आजार असून ‘काही नाही, बरी आहे’ म्हणत होत्या. काही आजारांची लक्षणं जाणवत नाहीत, हे खरं. पण ‘काही नाही’ हे उत्तर आपल्या घरातही आपण रोज ऐकतो, देतो. त्यामुळे त्या सदतीस जणींचं सगळं गप्प राहणं मी वैद्यकाच्या खात्यात टाकायला तयार नाही.

तोवर सरकारी आरोग्यखात्याला बाई दिसायची ती पोटुशी असताना, नाहीतर ऑपरेशनचं टार्गेट पुरं करायचं असताना. पोर होण्याच्या आधी आणि नंतरही तिला शरीर असतं, हे या दोन गावांनी सांगितलं. दोन गावांनी, असंच मी म्हणेन. मोजणी डॉक्टरांनी केली, निदान त्यांनी केलं, ते धाडसाचंही होतं. पण आयुष्यात कधी परक्यासमोर साडी वर न केलेल्या बाईनं त्या टेबलावर झोपायचं ठरवलं, तेव्हा तो आकडा तयार झाला. त्या ६५० जणी संस्थेच्या ‘लाभार्थी’ आहेत की संस्थेच्या मागची माणसं?

पुढचं काम लहान मुलांच्या न्यूमोनियावर होतं. मुलाचा श्वास मिनिटाला किती, हे मोजलं की न्यूमोनिया ओळखता येतो. पण गावातल्या सुईणीला एवढे आकडे मोजता येत नसत. इथे एखाद्या शहाण्यानं सुईणींना बाजूला काढून शिकलेला मुलगा नेमला असता. सर्चनं मोजण्याचं साधनच बदललं. एका चौकटीत मणी, शेजारी मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण यात बाईला कमी न लेखता तिच्या हाताला काय येतं, तिथून सुरुवात झाली आहे. असलं शहाणपण पुरस्काराच्या मानपत्रात सहसा सापडत नाही.

मग नवजात बाळं. १९९३ पासून ३९ गावांत हा प्रयोग चालला. गावातलीच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली बाई निवडायची आणि तिला शिकवायचं. बाळाचं वजन, ताप, श्वास. जन्मल्यावर रडलंच नाही तर काय करायचं. जंतुदोषाची चिन्हं कोणती आणि दिसली तर इंजेक्शन कसं द्यायचं. ‘आरोग्यदूत’ हे तिचं नाव. पाचवी ते दहावी शिकलेल्या बाईच्या हातात सुई देणार, यावर डॉक्टरमंडळींनी भुवया उंचावल्या नसत्या तरच नवल. निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. आधी दर हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत. तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी हे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरात साधारण सतरा जात, ती तिनाच्या आत आली. तिसऱ्या वर्षी या गावांतल्या ९३ टक्के नवजात बाळांना ही घरपोच देखभाल मिळाली.

९३ टक्के म्हणजे काय, हे आपल्या भाषेत सांगायचं तर असं : रात्री कुणाचा तरी नवरा कंदील घेऊन दारात उभा राहतो आणि आरोग्यदूत स्वतःच्या घरातून उठते. तिच्या घरातही सासू असते, तिचंही लहान मूल असतं, सकाळी तिलाही रोवणीला जायचं असतं. शिवाय त्याच गावात तिला उद्याही राहायचं आहे. एखादं मूल दगावलं तर त्या आईचं तोंड तिला पाणवठ्यावर रोज दिसणार. शहरातून आलेल्या कोणत्याही डॉक्टरला हे भोगावं लागत नाही.

इथे मला एका शब्दाबद्दल बोलायचं आहे : ‘त्याग’. परदेशातून परत येऊन गडचिरोलीत राहणाऱ्या माणसांसाठी तो शब्द वापरला जातो आणि तो खोटा नाही. त्यांच्यापाशी सोडण्यासारखं होतं, त्यांनी ते सोडलं. मला त्यात काही कमी करायचं नाही. पण आरोग्यदूत सोडून सोडून काय सोडणार? झोप, मजुरी, घरच्यांची मर्जी. याला आपण त्याग म्हणत नाही. याला म्हणतो ‘सेवा’, फार तर ‘सहकार्य’. लेखात तिचं एक वाक्य येतं, फोटोत ती उजवीकडे उभी असते.

दारूबंदीचंही तसंच. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी लागू झाली. त्यामागे बायका होत्या, एवढं सगळे लिहितात. ‘बायका’ हा शब्द अनेकवचनात सोयीचा पडतो.

पण नाव न घेणं इतकाच हा प्रश्न असता तर मी इतकं लिहिलं नसतं. नावापाठोपाठ दाम येतो. २००५ साली आशा योजना आली आणि २०११ साली नवजात बाळांची घरपोच देखभाल देशभर आशांकडे सोपवण्यात आली. गडचिरोलीत जे सिद्ध झालं, ते राष्ट्रीय धोरण झालं. आपल्यासाठी ही अभिमानाचीच गोष्ट. पण धोरणात उतरताना काय उतरलं? आशांना इंजेक्शनचा अधिकार मिळाला नाही. भेटी मिळाल्या. बाळ घरी जन्मलं तर सात, दवाखान्यात जन्मलं तर सहा, बेचाळीस दिवसांपर्यंत. आणि त्या सगळ्या पुऱ्या केल्या तर २५० रुपये. भागून पाहा. आणि हे वेतन नव्हेच, हा ‘मोबदला’. कारण कागदोपत्री आशा कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. कोविडच्या काळात घरोघर फिरली तीही स्वयंसेविका म्हणूनच. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा सन्मान केला. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या आशा मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या, कबूल केलेली वाढ कागदावर यावी म्हणून. महिना पाच हजारांच्या वाढीचा आदेश त्यानंतर मार्चमध्ये निघाला. वाढ मिळाली, पण कर्मचारी हा दर्जा नाही. एखाद्या पुरुषानं अठरा वर्षं रोज केलेल्या कामाला कुणी ‘स्वयंसेवा’ म्हटलं असतं का, हे तुम्हीच सांगा.

हे लिहून झालं आणि मी आमच्याच गेल्या वर्षीच्या अहवालाची प्रत काढली. विश्वस्तांची नावं, पदं, शिक्षण यांना दीड पान. शेवटच्या पानावर ‘इतर सर्व कार्यकर्त्या व मदतनीस यांचे आभार’. मजकूर माझाच होता.

मग आमची बैठक झाली. त्या लेखाच्या लेखकाला पत्र टाकलं की फोटोतल्या सातही जणींची नावं, त्यांची हरकत नसेल तर, कळवा. उत्तर यायचं आहे, म्हणून लेख पुढच्या अंकात घेऊ. आमच्या अहवालातही यापुढे झाडणारी, घड्या घालणारी, हिशेब लिहिणारी, सगळ्यांची नावं छापायचं ठरलं. थोडा वाद झाला. एकीनं विचारलं, मग यादी कुठे थांबणार? दुसरी म्हणाली, जिथे काम थांबतं तिथे.

उत्साहात मी ही बातमी घड्या घालणाऱ्या बाईंना सांगितली. म्हटलं, या अंकापासून तुमचं नाव येणार. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “नाव नका छापू ताई, घरी विचारतील पैसे किती मिळतात. मागच्या दोन महिन्यांचे राहिलेत, ते गौरीच्या आत द्या.”

त्यांचं नाव म्हणूनच इथे नाही. एका महिन्याचे पैसे त्याच दिवशी दिले. दुसऱ्या महिन्याचे, थकलेल्या वर्गण्या आल्या की. ज्यांची वर्गणी राहिली आहे त्यांच्या पत्त्याच्या चिठ्ठीवर यावेळी लाल खूण आहे. ती खूणही त्यांनीच केली आहे.